सुईच्या वेळचे चेहरे

लसीकरण सत्रात सुई ठरलेली असते, डोस ठरलेला असतो, टोचण्याची जागाही ठरलेली असते. चेहरा तेवढा ठरलेला नसतो. दीड महिन्याचे बाळ आईच्या मांडीवर असले तर त्याचा चेहरा एका तऱ्हेने आक्रसतो, टेबलावर उताणे धरलेले असले तर दुसऱ्या तऱ्हेने. दीड वर्षाचे मूल सुई टोचल्यावर आधी आईकडे पाहते, मग रडते. पाचवीतला मुलगा रांगेत मित्र उभे असले की दात विचकून हसतो; तोच आजीबरोबर एकटा आला की डोळ्यांत पाणी आणतो. उपकेंद्रात, अंगणवाडीत किंवा महापालिकेच्या दवाखान्यात वर्षानुवर्षे लस टोचणाऱ्या परिचारिकेला हा फरक पाठ झालेला असतो. तो कशामुळे पडतो हे तिला प्रशिक्षणात फारसे कोणी सांगितलेले नसते. तिथे शीतसाखळी असते, कुपी उघडल्यापासूनचे तास असतात, नोंदवही असते. चेहऱ्याचा धडा नसतो.

हा फरक पाडणाऱ्या गोष्टी ढोबळमानाने दोन: जवळ कोण आहे, आणि अंगाला कोणाचा हात लागला आहे. बोलण्यात त्या एकत्रच येतात, कारण जो हात धरतो तो जवळही असतोच. कामाच्या जागी मात्र त्या सुट्या होतात. आई खोलीत आहे पण बाळ सिस्टरच्या हातात आहे. हात धरलेला आहे पण तो अनोळखी माणसाचा आहे. मित्र समोर आहेत पण कोणी कोणाला हात लावत नाही. अशा सगळ्या जोड्या एका सकाळीत पाहायला मिळतात आणि मग लक्षात येते की सोबत आणि स्पर्श चेहऱ्यापर्यंत एकाच वाटेने पोचत नाहीत. सोबत चेहऱ्याला पाहणारा मिळवून देते, त्यामुळे भाव वाढतो, बदलतो किंवा झाकला जातो. स्पर्श बहुधा त्याच्या आधीच, भाव जिथून उठतो तिथे काम करतो. तान्ह्या बाळापासून सुरुवात केली तर हे स्वच्छ दिसते, कारण कोणासमोर कसे दिसावे हे त्याला अजून कोणी शिकवलेले नसते.

नवजात बाळाला खरोखर दुखते हे वैद्यकाने उशिराच मान्य केले. १९८० च्या दशकापर्यंत अनेक ठिकाणी नवजातांवरील शस्त्रक्रियादेखील पुरेशा भुलीशिवाय होत असत. बाळ सांगू शकत नाही, तेव्हा पुरावा चेहऱ्यावरच शोधावा लागला. कॅनडातील रूथ ग्रुनाऊ आणि केनेथ क्रेग यांनी १९८७ मध्ये नवजाताच्या वेदनेचा चेहरा टप्प्याटप्प्याने मांडला. भुवया खाली येऊन त्यांच्या मध्ये फुगवटा येतो, डोळे घट्ट मिटतात, नाकापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंतची घडी खोल होते, तोंड ताणले जाते, जीभ ताठ होऊन तिच्या मध्ये खळगा पडतो. भुकेने रडणाऱ्या बाळाचा चेहरा इतका एकदम आणि इतका पूर्ण आवळला जात नाही. अनुभवी परिचारिका आवाजाची वाट पाहत नाही. टोचल्यावर बाळाचे तोंड उघडते, चेहरा लाल होतो आणि क्षणभर आवाजच येत नाही, श्वास अडकल्यासारखा होतो. नव्या आईचा जीव त्या क्षणी घाबरा होतो. परिचारिका तेवढ्या वेळात कपाळ पाहून घेते.

नवजात कक्षात तपासणीसाठी बाळाच्या टाचेला टोचून रक्त काढतात, आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळाला हे पुन्हा पुन्हा सोसावे लागते. बोस्टनमधील एका अभ्यासात (२०००) निरोगी ३० नवजातांची टाच टोचताना काहींना कपड्यात गुंडाळून पाळण्यात ठेवले होते, काहींना आईच्या उघड्या छातीशी धरले होते. छातीशी असलेल्या बाळांचे रडणे ८२ टक्क्यांनी आणि चेहरा वेडावाकडा होणे ६५ टक्क्यांनी कमी भरले. दोन्ही आकडे वेगवेगळे मोजले हे महत्त्वाचे. आईचा आवाज कानाशी असल्याने बाळ गप्प झाले, एवढ्यावर ही गोष्ट संपत नाही. कपाळ आणि डोळेही सैल राहिले, आणि बाळांच्या हृदयाची गतीही कमी वाढली.

त्वचेला त्वचा लावून बाळ धरण्याची ही रीत रुग्णालयांत आली ती वेगळ्याच निकडीतून. कोलंबियातील बोगोटा येथे डॉ. एडगर रे यांनी १९७८ मध्ये ती सुरू केली, कारण काचपेट्या अपुऱ्या होत्या आणि एकेका पेटीत अनेक बाळे ठेवावी लागत होती. ऊब मिळावी, संसर्ग टळावा, एवढाच हेतू होता. आज आपल्याकडे तिला कांगारू मातृसेवा म्हणतात आणि जिल्हा रुग्णालयांच्या नवजात कक्षांतही आया पाठ टेकून, बाळ छातीशी बांधून बसलेल्या दिसतात. भारतासह ५ देशांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत जन्मल्यापासून लगेच ही सेवा मिळालेल्या कमी वजनाच्या बाळांचे पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू सुमारे २५ टक्क्यांनी कमी आढळले. चेहऱ्याचा प्रश्न त्यापुढे किरकोळ वाटेल. पण त्या कक्षात काम करणाऱ्यांना वेदना मोजण्यासाठी दिलेल्या तक्त्यात भुवया, डोळे आणि नाकाशेजारची घडी या तिन्ही नोंदी असतात. आई जवळ नसेल तेव्हा परिचारिका एका तळव्याने बाळाचे डोके आणि दुसऱ्याने दुमडलेले पाय पोटाशी धरून ठेवते, आणि सहकारी टाच टोचते. हात-पाय मोकळे फेकले जात नाहीत तेव्हा चेहराही लवकर पूर्ववत होतो. दोघींची गरज पडते म्हणून गर्दीच्या पाळीत हे राहून जाते, हेही खरे.

स्पर्शाने असे का व्हावे, याचे एक उत्तर त्वचेतच आहे. टोचणे, दाब, कंप यांची खबर जाड मज्जातंतू सेकंदाला कित्येक मीटर वेगाने मेंदूला देतात. त्यांच्याखेरीज केसाळ त्वचेत, म्हणजे हात, पाठ, मांडी, गाल इथे, अतिशय बारीक आणि संथ तंतू असतात. त्यांच्यातून संदेश सेकंदाला जेमतेम एक मीटर सरकतो. स्वीडनमधील संशोधकांनी २००९ मध्ये दाखवले की हे तंतू सेकंदाला १ ते १० सेंटिमीटर वेगाने फिरणाऱ्या हलक्या हाताला सर्वाधिक प्रतिसाद देतात, आणि माणसाला नेमका तोच वेग सुखाचा वाटतो. हात त्याहून जलद फिरला की तंतूंचा प्रतिसादही उतरतो आणि सुखही. जाड तंतू निकामी झालेल्या एका स्त्रीला काय स्पर्श झाला हे नीट सांगता येत नव्हते, तरी हळू फिरवलेला ब्रश तिला अस्पष्टसा पण सुखद वाटे. ऑक्सफर्डच्या गटाने २०१८ मध्ये तान्ह्या बाळांवर हेच तपासले. टाच टोचण्याआधी सेकंदाला सुमारे ३ सेंटिमीटर वेगाने कुरवाळले तर वेदनेबरोबर मेंदूत उठणारी हालचाल कमी होते. दसपट वेगाने कुरवाळले तर होत नाही.

बाळंतिणीच्या खोलीत बाळाला तेल लावणाऱ्या बाईचा हात पाठीवरून ज्या संथपणे उतरतो तो याच वेगाच्या आसपासचा असतो. ती घड्याळ लावून काही हा वेग शिकलेली नसते. दवाखान्यात घाबरलेली आई मात्र बाळाला भराभर थोपटते. थोपटणे वाईट नाही, पण ते कुरवाळणे नव्हे. परिचारिका म्हणते, "हळू हात फिरवा ताई," आणि बहुतेक आयांचा हात ऐकतो. मोठ्या माणसांच्या चेहऱ्यावर बारीक विद्युतपट्ट्या लावून हाच मंद स्पर्श तपासला गेला आहे. काही प्रयोगांत गाल वर ओढणाऱ्या स्नायूची, म्हणजे हसण्याच्या स्नायूची, हालचाल किंचित वाढलेली दिसते; काहींत भुवई आवळणाऱ्या स्नायूचा ताण उतरलेला दिसतो. हे बदल इतके सूक्ष्म असतात की समोरच्याला ते डोळ्यांनी दिसतीलच असे नाही. स्पर्शाचा परिणाम चेहऱ्यावर नाट्यमय नसतो, यात नवल नाही. त्याचे काम चेहरा फुलवण्यापेक्षा त्यावरचा ताण घालवण्याचे आहे.

दुसऱ्या महिन्यानंतर बाळ माणूस पाहून हसू लागते आणि सोबतीचा हिशोब सुरू होतो. एडवर्ड ट्रॉनिक यांचा १९७८ चा प्रयोग प्रसिद्ध आहे: आई बाळाशी खेळता खेळता एकदम चेहरा निर्विकार करते. बाळ आधी हसून तिला परत बोलावते, मग नजर चुकवते, मग ओठ काढते. डेल स्टॅक आणि डार्विन म्यूर यांनी १९९० मध्ये त्यात एक बदल केला. आईचा चेहरा तसाच दगडी ठेवला, पण तिला बाळाला हात लावायची मुभा दिली. बाळे कमी रडवेली झाली आणि अधिक हसली. समोरचा चेहरा काही देत नसताना हाताने ती उणीव बऱ्याच अंशी भरून काढली. मोबाइलवर बोलणाऱ्या आईच्या मांडीवरचे बाळ लस घेताना तितकेसे बिथरत नाही, याचे कारण कदाचित हेच असावे. तिचे लक्ष नसले तरी हात असतो.

नऊ महिन्यांच्या लसीपासून खेळ पालटतो. आता मूल सुईकडे कमी आणि माणसांकडे जास्त पाहते. धावताना पडलेले मूल आधी आजूबाजूला नजर टाकते, कोणी पाहत असेल तर भोकाड पसरते आणि कोणी नसेल तर उठून चालू लागते, हे घरोघरी ठाऊक आहे. मराठी घरांत अशा वेळी जमिनीवर हात आपटून "मुंगी मेली बघ" म्हणण्याची पद्धत आहे. त्या वाक्यात मुंगीला काही महत्त्व नसते. म्हणणाऱ्याचा चेहरा घाबरलेला नाही, एवढेच मुलाला कळायचे असते. या गोष्टीची नेटकी परीक्षा १९८५ मध्ये झाली. वर्षाच्या मुलांना अशा टेबलावर सोडले की पुढे काचेखाली जमीन खोल गेल्यासारखी दिसावी. पलीकडे आई उभी. आईने आनंदी चेहरा केला तेव्हा १९ पैकी १४ मुले काचेवरून पलीकडे गेली. तिने भेदरलेला चेहरा केला तेव्हा १७ पैकी एकही गेले नाही.

लसीकरणाच्या खोलीत या गोष्टीची दुसरी बाजू दिसते. "काही नाही, काही नाही, नाही दुखणार हं बाळा," असे सारखे म्हणणाऱ्या पालकांची मुले अधिक रडतात, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. ऐकायला हे उलटे वाटते. पण मूल शब्द ऐकत नाही, ते म्हणणाऱ्याचा ताणलेला गळा आणि आक्रसलेले कपाळ वाचते, आणि धीर देण्याचीच वेळ आली म्हणजे काहीतरी भयंकर होणार, असा त्याचा अर्थ लावते. घरी "त्रास दिलास तर सुई टोचायला नेईन" अशी धमकी मिळालेल्या मुलाच्या बाबतीत तर परिचारिकेचे अर्धे काम आधीच बिघडलेले असते. खिडकीतला कावळा दाखवणारी आजी अशा वेळी शिकलेल्या आईबापांपेक्षा कामाची ठरते. हे सरसकट विधान नाही. पण असे घडताना पुष्कळ वेळा दिसते.

शाळेतले सत्र वेगळेच. दहा आणि सोळा वर्षांच्या मुलांना धनुर्वात-घटसर्पाची लस देतात. वर्गातून रांग येते. इथे आई नाही, मांडी नाही, हात धरणारे कोणी नाही. आहेत ते बरोबरीचे. मुलांच्या रांगेत चेहरे ताठ असतात. पुढचा टोचून घेताना मागचे त्याचे तोंड पाहतात आणि त्याला ते ठाऊक असते. तो छताकडे पाहतो, जबडा आवळतो आणि टोचून झाल्यावर वळून हसतो. मुलींच्या रांगेत दोघी-दोघी हात धरून येतात, चेहरे मोकळेपणाने वाकडे करतात, किंचाळतात आणि त्यावर स्वतःच हसतात. एका बाजूला पाहणारे आहेत पण हात नाही, दुसऱ्या बाजूला दोन्ही आहेत. मुलगे सोसतात आणि मुली घाबरतात, असा निष्कर्ष त्यावरून काढणारे शिक्षक भेटतात. तो घाईचा आहे. तेच मुलगे दवाखान्यात एकेकटे आले की त्यांचे चेहरे तितके ताठ नसतात.

पाहणारा असला की वेदनेचा चेहरा आवरला जातो, हे रॉबर्ट क्लेक आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये प्रयोगाने दाखवले. विजेचे वेदनादायी झटके घेणाऱ्या माणसांना कोणी पाहत आहे असे कळल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर वेदना कमी उमटली. एवढ्यावर थांबले असते तर तो निव्वळ दिखावा म्हणता आला असता. पण त्यांनी वेदना कमी झाल्याचेही सांगितले आणि त्वचेवरच्या घामाच्या मोजणीतही फरक पडला. चेहरा आवरताना आतलेही काही आवरले जाते. त्याआधी पॉल एकमन आणि वॉलेस फ्रिसन यांनी जपानी आणि अमेरिकी विद्यार्थ्यांना अंगावर काटा आणणाऱ्या फिती दाखवल्या होत्या. एकटे असताना दोघांच्या चेहऱ्यांवर सारखीच किळस उमटली. प्रयोग घेणारा समोर बसल्यावर जपानी विद्यार्थ्यांनी तो भाव हसण्याखाली झाकला. कोणासमोर कोणता भाव दाखवावा, कोणता गिळावा, याचे प्रत्येक समाजाचे अलिखित नियम असतात, हा त्यांचा मुद्दा. मुलांची रांग असे नियम वर्गात बसून शिकत नाही, रांगेतच शिकते.

हसण्याच्या बाबतीत सोबतीचा वाटा आणखी मोठा निघाला. अमेरिकेतील रॉबर्ट क्राउट आणि रॉबर्ट जॉन्स्टन यांनी १९७९ मध्ये बोलिंग खेळणाऱ्यांचे चेहरे टिपले. चेंडूने सगळे खुंट आडवे केले तरी खेळाडू खुंटांकडे तोंड करून असेपर्यंत क्वचितच हसे. मागे वळून मित्रांकडे पाहिले की हसू फुटे. बार्सिलोना ऑलिंपिकमधील २२ सुवर्णपदक विजेत्यांच्या चित्रफिती तपासणाऱ्या दोन स्पॅनिश संशोधकांनाही असेच दिसले. आयुष्यातल्या सर्वांत आनंदाच्या घटकेला हे खेळाडू मंचामागे थांबले असताना किंवा राष्ट्रगीत चालू असताना फारसे हसत नव्हते. प्रेक्षकांशी आणि पदक देणाऱ्यांशी गाठ पडली की हसत होते. मोठ्याने हसण्यावर काम केलेल्या रॉबर्ट प्रोव्हाइन यांच्या नोंदींत माणसे एकटी असतानापेक्षा चारचौघांत सुमारे ३० पट अधिक वेळा हसतात.

ॲलन फ्रिडलंड यांनी १९९१ मध्ये याहून पुढचे पाऊल टाकले. त्यांनी गालावर विद्युतपट्ट्या लावून लोकांना एक मजेदार फीत दाखवली. काही जण एकटे होते, काहींना मित्र शेजारच्या खोलीत दुसरे काम करतो आहे असे सांगितले, काहींना तो तिकडे तीच फीत पाहतो आहे असे सांगितले, आणि काहींच्या शेजारी मित्र बसलेला होता. हसण्याच्या स्नायूची हालचाल साधारण याच क्रमाने वाढत गेली, आणि मित्र दुसऱ्या खोलीत फीत पाहतो आहे एवढ्या कल्पनेनेही तो स्नायू प्रत्यक्ष सोबतीइतका हलला. किती मजा वाटली या उत्तराशी त्याचा मेळ बसेना. सोबत मनातही असू शकते. जानेवारी २०२१ मध्ये देशात कोविडची लस सुरू झाली तेव्हा अनेक केंद्रांवर फलक आणि छायाचित्राची जागा केली होती. टोचताना भेदरलेला माणूस दोन मिनिटांत फलकासमोर मुखपट्टी उतरवून हसे. तिथे समोर फक्त मोबाइल असे, आणि त्याच्या पलीकडे अख्खे गणगोत.

फ्रिडलंड यांचे पुढचे म्हणणे असे की चेहरा भावना दाखवतच नाही, तो समोरच्याला आपला हेतू कळवतो. इतके टोक गाठण्याचे कारण दिसत नाही. उर्सुला हेस आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये दाखवले की हसू फीत किती विनोदी आहे यावरही अवलंबून असते आणि शेजारी मित्र आहे की परका यावरही. दुःखाच्या बाबतीत तर सोबतीत चेहरा उलट कमी उतरतो आणि एकांतात मोकळा होतो, असेही आढळले आहे. टाच टोचलेल्या नवजाताला कोणाला काय कळवायचे होते, या प्रश्नापाशी हा सिद्धांत अडतो. आणि चेहरा हा निव्वळ आतला आरसा आहे, हा जुना समज मुलांच्या रांगेपाशी अडतो.

पाहणाऱ्याचा चेहराही स्वतःपुरता नसतो. कॅनडातील जॅनेट बॅव्हेलास यांनी १९८६ मध्ये एक प्रसंग रचला: बोटाला पट्टी बांधलेला माणूस टीव्ही उचलून नेताना तो बोटावर आपटून घेतो. पाहणारे कळवळून तोंड करत. जखमी माणसाने त्यांच्याकडे पाहिले तर ते कळवळणे वाढत जाई. तो पाठ फिरवून गेला तर उमटल्याबरोबर विरे. बाळाला टोचताना आईच्या तोंडावर जी कळ येते तीही बरीचशी बाळाला दाखवण्यासाठी असते, आणि बाळ तिच्या खांद्यावर तोंड टाकून असले की ती लवकर ओसरते. म्हणून काही परिचारिका आईला सांगतात की बाळाला छातीशी उभे धरा, तोंड पाठीमागे राहू द्या. त्यात बाळाला स्पर्श पुरा मिळतो आणि आईचा घाबरा चेहरा दिसत नाही.

मोठ्या माणसांच्या बाबतीत हात कोणाचा, याला फार किंमत येते. जेम्स कोन यांच्या २००६ च्या अभ्यासात १६ विवाहित स्त्रियांना मेंदूच्या चित्रणयंत्रात ठेवून विजेचा झटका बसणार असल्याची सूचना दिली. नवऱ्याने हात धरला तेव्हा मेंदूतली धोक्याची हालचाल सर्वांत अधिक उतरली. अनोळखी पुरुषाने धरला तेव्हा कमी. आणि ज्यांचे नाते चांगले होते त्यांच्या बाबतीत नवऱ्याच्या हाताचा गुण अधिक दिसला. या प्रयोगात मेंदू मोजला होता, चेहरा नव्हे. तरीही रक्त काढायच्या खुर्चीत बसलेली बाई नवऱ्याचा हात आवळते तेव्हा तिचा चेहरा सैल का राहतो, हे समजायला तो उपयोगी पडतो. नवरा नुसता दारात उभा असला तर हे होत नाही. उलट काही जणी त्याच्यासमोर "मला काही नाही झालं" असा चेहरा करतात आणि तो बाहेर गेल्यावर डोळे पुसतात.

परक्याचा स्पर्श उलटही लागू शकतो. युरोपातील ५ देशांत झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत अंगाच्या कोणत्या भागाला कोणी हात लावलेला चालतो, हे नात्यातल्या जवळिकीबरोबर पायरीपायरीने बदलत गेले. आपल्याकडे किशोरवयीन मुलीचा दंड धरण्याआधी "हात धरते हं" असे सांगणाऱ्या परिचारिकेला हे पाहणीशिवायच कळलेले असते. न सांगता धरलेला दंड आक्रसतो आणि त्याबरोबर चेहराही बंद होतो. रबरी मोजा घातलेल्या हाताने मंद स्पर्शाचा गुण किती उरतो, हाही कामातलाच प्रश्न आहे. मोज्यातूनही वजन आणि वेग पोचतो, ऊब कमी पोचते.

परिचारिकेचा स्वतःचा चेहरा हा या सगळ्यात कामाचा भाग असतो. विमानातल्या सेविकांच्या कामावर लिहिताना आर्ली हॉक्शिल्ड यांनी १९८३ मध्ये भावना आवरून हसरा चेहरा ठेवण्याच्या या श्रमाला नाव दिले. दवाखान्यात त्याला नाव नाही आणि मोबदलाही नाही. शंभर बाळांच्या सत्रात शेवटच्या बाळासमोरही तोंड पहिल्याइतकेच मोकळे ठेवावे लागते. मुखपट्टीच्या दिवसांत हे तोंडच झाकले गेले. तेव्हा डोळ्यांभोवतीच्या स्नायूवर भिस्त आली, आणि दुशेन यांनी १८६२ मध्येच नोंदवले होते की हा स्नायू नुसत्या इच्छेने सहज हलत नाही. खोटे हसू त्या दोन वर्षांत फारसे चालले नाही, असे काम करणाऱ्यांचे म्हणणे पटण्याजोगे आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये लस टोचताना वेदना कमी करण्याविषयी ज्या शिफारशी केल्या त्यांत बाळ पालकाच्या हाती असावे, शक्य तर अंगावर पीत असावे, अधिक दुखणारी लस शेवटी द्यावी, टोचल्यावर दट्ट्या मागे ओढून पाहू नये, असे सांगितले आहे. दीड महिन्याच्या बाळाला आपल्या कार्यक्रमात तोंडात थेंब देऊन वर ३ सुया टोचायच्या असतात, तेव्हा हा क्रम मोलाचा ठरतो. चेहऱ्यावरून वेदना मोजणाऱ्याला मात्र एक सावधगिरी घ्यावी लागते. नवजाताच्या कपाळावर जे दिसते ते बरेचसे खरे धरता येते. रांगेतल्या मुलाचे, सुनेसमोर बसलेल्या सासूचे किंवा मुलाला काळजी नको म्हणून हसणाऱ्या म्हाताऱ्याचे कपाळ तसे धरता येत नाही. तक्त्यात आकडा लिहिताना खोलीत कोण होते आणि हात कोणी धरला होता, याचा रकाना बहुतेक ठिकाणी नसतो. तो असायला हवा.

टोचल्यानंतर अर्धा तास थांबायचे असते आणि तिथे चेहऱ्यांची शेवटची देवाणघेवाण होते. दुसऱ्या बाळाचे रडणे ऐकवले की नवजात बाळ रडू लागते आणि यंत्राने बनवलेल्या तशाच आवाजाला तितके रडत नाही, हे मार्विन सिमनर यांनी १९७१ मध्ये दाखवले होते. मोठी मुले आवाजाबरोबर चेहराही उचलतात. म्हणून जागा असेल तिथे आत येण्याचे दार आणि बाहेर जाण्याचे दार वेगळे ठेवतात, आणि टोचून झालेली मुले थांबलेल्या मुलांसमोरून जाणार नाहीत असे पाहतात. एकच खोली असलेल्या उपकेंद्रात हे जमत नाही. तिथे आशाताई बाकांची तोंडे भिंतीकडे फिरवून ठेवते.